बुधरामच्या घरून कोण

दिघोरी
२३ जून २०२५

प्रितम बाबू,

तू फोनमध्ये माझा नंबर बंद करून ठेवला, म्हणून हे पोस्टानं. पुण्याचा पत्ता रितानं देला. बायकोवर चिडू नको, तीन दिवस मी तिचं डोकं खाल्लं तेव्हा तिनं देला. पाकीट न फोडता फेकशीन तं फेक, पण वरचं अक्षर तुले ओळखू येईन. बाराखडी तुले या मोठ्या बहिणीनंच शिकवली होती, पाठीत धपाटे घालून.

पत्रात पहिले लिहाचं असते का इकडं सगळं बरं आहे. तं घर बरं आहे, शेळी बरी आहे, अंगणवाडीचं छत यंदा गळत नाही. मी बरी नाही.

सकाळी कोणाचाही फोन वाजला का माझ्या छातीत धडधड सुरू होते. हात गार पडतात. शेजारच्या घरात वाजला तरी तेच. अंगणवाडीत पोट्टे मोजते, अठरा. दार लावते, परत येते, पुन्हा मोजते. अठराच. तरी वाटते एखादं कमी आहे अन् ते तलावाकडं गेलं. परवा दुर्गा, आपली मदतनीस, हसून म्हणली का मॅडम, पोट्टे काय हवेत उडून जातात? मी तिच्यावर अशी खेकसली का दोन लहाने घाबरून रडाले लागले. मंग त्याइले मांडीवर घेऊन मीच रडत बसली. अडतीस वर्षाची बाई, सरकारी मानधन घेणारी, अन् पोट्ट्याइसमोर नाक पुसून राहिली.

तलावाच्या पाळीवरून, त्या बांधावरून, जात नाही. शेताच्या धुऱ्याधुऱ्यानं चिखलातून जाते, वीस मिनिटं जास्त लागतात. लोकं विचारतात तं सांगते, चालणं चांगलं असते.

लाखांदूरच्या दवाखान्यात छातीची पट्टी काढली. हृदय एकदम ठीक आहे म्हणे. मले चांगलं वाटाले पाहिजे होतं, पण मी आणखी घाबरली. हृदयाचं असतं तं गोळी खाऊन मोकळी झाली असती.

बाबाले जाऊन अडीच वर्षं झाले. घाटावर, चार लोकात, मी तुले म्हणलं होतं का तू आला असता तं बाबा गेला नसता. ते बोलाले नको होतं. तू त्या दिवशी जो गेला तो आलाच नाही, अन् तुझी पोरगी आठ महिन्याची झाली तरी आत्यानं तिचं तोंड पाहिलं नाही. आणखी एक गोठ आहे त्या दिवसाची. ते तुले सांगाची आहे. आज सांगत नाही, हात चालत नाही. पण सांगाची आहे, हे तं लिहून ठेवते.

तुझी बाई,
रंजू


११ जुलै

प्रितम,

उत्तर येणार नाही हे माहीत होतं. तरी पोस्टमन कैलाश सायकलवरून गेला का मी उगीच दारात येते. तो बिचारा आता मान खाली घालूनच जाते.

पहिले मी बाबूलाल भगताकडं गेली. हसू नको. तो म्हणला, बापाचा जीव पाण्यात अडकला, काही सांगाचं राहून गेलं त्याचं. मले तिथंच घाम फुटला. काही सांगाचं राहून गेलं ते बाबाचं नव्हतं. घरी येऊन दोन दिवस जेवली नाही.

मंग आमच्या सुपरवायझर कुंताबाई मले हाताले धरून भंडाऱ्याले मनाच्या डॉक्टरकडं घेऊन गेल्या. तो माणूस चांगला निघाला. शांतपणे ऐकलं, गोळ्या देल्या, म्हणला का यानं थरथर कमी होईन, झोप येईन, पण तुमच्या पोटात काही आहे ते कोणाजवळ तरी बोलावं लागन. झोप आली खरी. मोजणं गेलं नाही.

कुंताबाईच्या भाचीनं नागपूरच्या, बोलून इलाज करणाऱ्या तीन जणाइचे नंबर पाठवले. तुझी बहीण बाजारात गलफडा उचलून पाहिल्याशिवाय मासा घेत नाही, तं आपलं डोकं कोणाच्या हाती देताना काहून सोडन? हजेरीच्या वहीच्या मागं प्रश्न लिहून काढले. तुम्ही शिकले काय? कोणापासून शिकले? माझ्यासारख्या लोकाइसोबत काम केलं का? मी तुमची गोठ मानली नाही तं काय करान?

पहिल्यानं प्रश्न ऐकूनच फणकारा केला, पेशंटनं विश्वास ठेवावा म्हणे. दुसरी म्हणली पाच वेळात बरं करून देते, गॅरंटी. मी म्हणलं, बाई, गॅरंटी तं मिक्सरवर असते. ठेवून देला फोन.

तिसरी रक्षा मॅडम. तिनं एक एक प्रश्नाचं उत्तर देलं, चिडली नाही. कुठं शिकली ते सांगतलं, या पद्धतीचं वेगळं शिक्षण किती वर्षं घेतलं ते सांगतलं, अन् म्हणली का मी पण माझं काम एका मोठ्या मॅडमले दाखवते, चुकत असन तं त्या सांगतात. किती दिवस लागतीन विचारलं तं म्हणली, माहीत नाही. चार-पाच वेळा बोलून पाहा, नाही जमलं तं दुसऱ्याचं नाव मीच सुचवीन. भंडाऱ्याच्या डॉक्टरले विचारल्याशिवाय गोळ्या बंद कराच्या नाहीत, हे पण तिनंच बजावलं. 'माहीत नाही' म्हणणारी म्हणून मी तिले पसंत केलं.

एकच गोष्ट खटकली. तिच्या पद्धतीचं नाव करुणेवरून आहे. करुणेवर आधारलेली. मी म्हणलं, करुणा तं कीर्तनवाल्याचा शब्द, मले दया-बिया नको. तिनं एवढंच म्हणलं, बरं, हे लक्षात ठेवते.

रंजू


२ ऑगस्ट

प्रितम,

दर शुक्रवारी दुपारी दोन वाजता पोट्टे घरी गेले का मी अंगणवाडीतच दार लावून बसते. पोषण आहाराच्या डब्याले टेकवून मोबाइल ठेवते, त्यात रक्षा मॅडम दिसते. रेंज गेली का तिचं तोंड उघडंच्या उघडं राहते अन् मले हसू येते. तेवढंच हसू आठवड्याचं.

तिनं विचारलं, पोट्टे मोजताना तुम्ही स्वतःशी काय बोलता? मी सांगतलं. ती म्हणली, ज्या आवाजात बोलता त्याच आवाजात सांगा. तं मी सांगतलं, 'मेली काहून नाही तू, बह्याडे, एक काम धड होत नाही तुझ्यानं, तुझ्या हाती देलेलं माणूस वाचत नाही.' भिंतीवरच्या फळांच्या तक्त्यासमोर बसून मी हे मोठ्यानं बोलली. मॅडम म्हणली, दिवसभर असं कोणी तुमच्या कानाशी ओरडत असेल तर छाती धडधडणारच ना?

मंग तिनं कागदावर तीन गोल काढून दाखवले. लाल, निळा, हिरवा. म्हणे आपल्या डोक्यात तीन कामं चालतात. लाल म्हणजे धोका दिसला का पळा, लढा, नाहीतं थिजून जा. निळा म्हणजे हे मिळवा, ते मिळवा. हिरवा म्हणजे आता निवांत, कोणीतरी सोबत आहे. डोकं असं बनलं यात आपली चूक नाही, आपण काही त्याले निवडून आणलं नाही. पण माझा लाल गोल अख्खा कागद खाऊन बसला, अन् हिरवा टिकलीएवढा. अन् गंमत अशी का वाघ बाहेर नसला तरी चालते. आपणच आपल्याले शिव्या देल्या तरी डोकं तेवढंच घाबरते.

मी म्हणलं, शिव्या नाही देल्या तं माणूस सुधरन कसा? तिनं उलटं विचारलं, अंगणवाडीत पोरगं पडलं, गुडघा फुटला, तुम्ही पहिले काय करता? मी म्हणलं, उचलते. अन् मग? मंग विचारते कसा पडला, कोणी ढकललं. ती म्हणली, आधी झोडपून मग विचारलं तर ते खरं सांगेल का? पोरगं खरं सांगत नाही, हे मले इतक्या पोट्ट्याइमागून माहीत आहे.

आता सकाळ-संध्याकाळ पाठ ताठ करून हळू श्वास घेते, चेहरा सैल सोडून. मनातल्या मनात बोलाचं ते पण आवाज नरम करून बोलाचं. शेळी अशी पाहते माझ्याकडं का काय सांगू.

हे सगळं मी तुले काहून लिहून राहिली? कारण तू पण आपल्याच घरात वाढला. तुझ्या पण डोक्यात एक आवाज असन. अन् त्यातला थोडा माझा असन, मले माहीत आहे.

बाई


९ ऑगस्ट

आज राखी. पाकिटात राखी नाही, शोधू नको.

घेतली होती. लाखांदूरच्या दुकानातून निवडून घेतली, निळ्या धाग्याची, तुले भपकेदार आवडत नाही म्हणून. घरी आणली, पाकिटात टाकली, काढली, पुन्हा टाकली. शेवटी शेळीच्या गळ्यात बांधली. राखी बांधणाऱ्या बाईजवळ भावासाठी काही तरी खरं पाहिजे ना.

रंजू


३० ऑगस्ट

प्रितम,

तीन आठवडे मॅडमशी बोलली नाही. झालं असं का तिनं डोळे मिटाले लावले. म्हणली, कोणीतरी शहाणं, भक्कम, तुमचं भलं चाहणारं माणूस तुमच्यामागं उभं आहे असं मनात आणा. मी आणलं. अन् बाबाच आला. ओल्या धोतरानं, डोक्याले फडकं बांधलेलं. रागावला असता तं चाललं असतं. तो हसून राहिला होता. मोबाइल पालथा घालून मी बाहेर पळाली अन् हापशीजवळ ओकली.

मॅडमचा मेसेज आला का असं पुष्कळांचं होतं. काहींना माया मिळाली की शिव्यांपेक्षा जास्त भीती वाटते, आपण तिच्या लायक नाही असं आतून वाटत असतं म्हणून. घाई नाही, हळू जाऊ. मी उत्तर देलं नाही. मले वाटलं, हिले कळलं का काय.

काल पुन्हा बसली. तिनं बाबा गेला त्या दिवसाचं विचारलं. ते नागपूरची, तिले जाळं टाकाचा दिवस काय माहीत. मी समजावून सांगतलं. थंडीत तलावाचं पाणी छातीएवढं उतरलं का आमची मच्छी सोसायटी महाजाळ टाकते. दर घरून एक गडी पाण्यात. अध्यक्ष पाळीवर उभा राहून एक एक घराचं नाव घेते, अमक्याच्या घरून कोण? अन् पाण्यातला माणूस आपलं नाव ओरडून सांगते. ज्या घरचा गडी नाही, ते घर दुसऱ्या घरचा माणूस उभा करू शकते. पण त्यानं स्वतःचं नाव सांगाचं नाही. 'उसना' म्हणून ओरडाचं. मंग पाळीवरचे सगळे मान वळवून त्या घरच्याइकडं पाहतात.

मॅडमनं विचारलं, तुम्ही नव्हत्या का उतरू शकत? मी म्हणलं, बाया पाळीवर.

पुढचं जे सांगतलं ते सगळ्या गावाले माहीत आहे. भाऊ कंपनीत, रजा नाही. गावातला खेमराजभाऊ आमच्या घरून उतरतो म्हणला होता, तो आला नाही. भावानं सकाळी फोन केला पण नुसती तब्येत विचारली. म्हणून बाबाच तापात उतरला. अर्ध्या तासात पाण्यातच बसला. जीपमध्ये दिघोरीच्या बाहेर निघाची देर, संपला.

मॅडम म्हणली, मग? मी म्हणलं, मंग काही नाही. तिनं पुढं विचारलं नाही, वाट पाहत बसली. मी म्हणलं रेंज जाऊन राहिली, अन् फोन बंद केला. रेंज चांगली होती.

रंजू


१९ सप्टेंबर

प्रितम,

आज दुपारी रिताचा फोन आला. तू दूध आणाले गेला होता म्हणे, तेवढ्यात तिनं केला. तुले कंपनीनं महिनाभर घरी बसवलं, हे मले आज समजलं. मशिनीवर तुझं ध्यान राहत नाही, हात जाता जाता वाचला म्हणे. ऐकून मी चुलीजवळच खाली बसली.

तिनं सांगतलं का तू जेवता जेवता ताटावरून उठून जाते. अन् मोबाइलमध्ये एक फोटो काढून ठेवला, त्या दिवशीच्या फोनच्या यादीचा. अठरा जानेवारी, सकाळी सहा बावन्न, रंजूबाई, एक मिनिट बावन्न सेकंद. तोच पाहत बसते. रिताले म्हणते, एवढ्याशा वेळात मी काय सांगतलं असन? खाली शिफ्टची गाडी उभी होती, मी घाईत होतो. बाई म्हणते मी नुसती तब्येत विचारली, तं तसंच झालं असन. मी नीट सांगतलंच नसन.

अन् मंग तू तिले समोर बसवते. म्हणते, तू बाई आहे असं समज, मी फोनवर आहे, मी सांगतो, तुले समजते का पाहा. तेच तेच बोलते. घड्याळ लावून. रिता रडून राहिली होती. म्हणली, ताई, मी दर वेळी सांगते का समजलं, समजलं, पण त्याइले पटत नाही. त्याइले तुमच्या तोंडून पाहिजे.

मी फक्त हो-हो म्हणलं. फोन ठेवला अन् श्वास घेऊन पाहिला, पाठ ताठ करून पाहिली, काही झालं नाही. आज कोणतीच पद्धत चालली नाही. आज मले भीती माझी नव्हती वाटून राहिली.

बाई


२७ सप्टेंबर

प्रितम,

काल मी रक्षा मॅडमले खरं सांगतलं. तुझ्या आधी तिले सांगतलं, याचा तुले राग येईन, अन् बरोबर येईन. पण मले एकदा मोठ्यानं बोलून पाहाचं होतं, बोलून मी जिवंत राहते का ते.

मले वाटलं होतं, ती म्हणन जाऊ द्या, तुम्ही जाणूनबुजून थोडी केलं. तसं म्हणली असती तं मी त्याच दिवशी तिले सोडलं असतं. तिचे डोळे भरले होते, ते तिनं लपवले नाही. मंग म्हणली, "हे फार जड आहे, रंजूताई. आणि हे तुम्ही केलंत. दोन्ही खरं आहे."

अडीच वर्षात मले कोणी असं सरळ बोललं नव्हतं. मी ओक्साबोक्शी रडली. पण पहिल्यांदा असं झालं का रडताना डोक्यातली ते बाई ओरडली नाही.

मी विचारलं, मंग तुमची करुणा म्हणजे माफी नाही का? ती म्हणली, नाही. करुणा म्हणजे दुखतंय तिकडं पाठ न फिरवता पाहणं, आणि ते कमी करायला आपल्याकडून होईल ते करणं. स्वतःला झोडपत बसलं की माणूस फक्त स्वतःकडंच पाहत राहतो. मंग तिनं विचारलं, हे ओझं तुमच्याशिवाय आणखी कोण वाहतंय?

काय करा ते तिनं सांगतलं नाही. मी विचारलं तरी सांगतलं नाही. म्हणली, ते तुम्हाला माहीत आहे असं मला वाटतं, घाबरत घाबरत का होईना.

तिथून उठून मी खेमराजभाऊकडं गेली. पाळीवरून गेली, धुऱ्यानं नाही, कारण त्याचं घर पाळीले लागून आहे अन् वळसा घातला असता तं हिंमत संपली असती. छाती फुटते का काय असं झालं, तरी गेली. तो अंगणात जाळं विणून राहिला होता. मी म्हणलं, भाऊ, मी प्रितमले लिहून राहिली, सगळं. त्यानं सुतळी तोडली, गाठ मारली. म्हणला, "लिही. पण मी पण खोटं बोललो होतो, ते पण लिही. माझं झाकू नको."

त्याच्या बायकोनं, जमुनावहिनीनं, चहा आणला. मी पेली. अर्धा चहा बशीत सांडला, तो पण पेली.

रंजू


४ ऑक्टोबर

प्रितम,

हे पत्र सातव्यांदा लिहून राहिली. सहा फाडले. सहाही वेळा मी पहिले माझं दुःख लिहीत बसली, नवऱ्यानं टाकलं तिथपासून. आता सरळ लिहिते.

तू फोन केला होता. नुसती तब्येत विचाराले नाही. तू खेमराजभाऊशी आदल्या दिवशीच बोलला होता. त्याचा पोरगा अमर त्याच्या घरून उतरणार अन् तो आपल्या घरून. अन् खेमराजभाऊ आला होता. साडेसात वाजता, खांद्यावर टॉवेल टाकून, आपल्या दारात. मी त्याले बाहेरच्या बाहेर परत पाठवलं. म्हणलं, आमच्या घरात अजून गडी माणूस आहे, उसना नको. तो म्हणला, प्रितमचं बोलणं झालं. मी म्हणलं, प्रितमनं पुण्यात बसून घर चालवू नये.

बाबा आत डोक्याले फडकं बांधून राहिला होता. त्यानं विचारलं, कोण होतं? मी म्हणलं, कोणी नाही.

मले बाबाले माराचं नव्हतं. ताप उतरला असन असं मी मनाले समजावलं, अंगाले हात लावून पाहिलं नाही. मी माहेरी परत आलेली बाई. पाळीवर बायाइत उभी राहते तेव्हा तशाही माना वळतात. त्या दिवशी अध्यक्षानं विचारलं असतं बुधरामच्या घरून कोण, अन् पाण्यातून 'उसना' ऐकू आलं असतं, तं मले वाटलं मी तिथंच खाली पडीन. मले माझी लाज वाचवाची होती. अध्यक्षानं विचारलं. बाबानं पाण्यातून स्वतःचं नाव सांगतलं, ताठ आवाजात. मले त्या घडीले बरं वाटलं होतं. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून हे पण लिहिते.

घाटावर तू विचारलं, बाई, मी सांगतलं होतं ना? मी चार लोकात म्हणलं, तू फक्त तब्येत विचारली. तू येड्यासारखा माझ्याकडं पाहत राहिला. मंग खेमराजभाऊले विचारलं, तुम्ही काहून नाही आले? त्यानं माझ्याकडं पाहिलं, मान खाली घातली अन् म्हणला, जमलं नाही. परत आलेल्या पोरीले गावानं जगू देलं नसतं म्हणून त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं. तू त्याच्याशी अडीच वर्षं बोलला नाही, अन् त्यानं एकदा तोंड उघडलं नाही. तो खोटं बोलला हे झाकू नको म्हणला, म्हणून लिहिलं. त्याले फोन कर. मले नाही केला तरी चालन.

माफी मागत नाही. मागितली तं तुले आणखी एक काम लागन, देऊ का नको देऊ. मी बरी होऊन राहिली ते माझं मी पाहीन, मॅडम आहे, गोळ्या आहेत. कुंताबाईले पण सांगतलं. सोसायटीच्या बैठकीत, खेमराजभाऊच्या समोर, मी हे स्वतः बोलणार आहे.

तू नीट सांगतलं का नाही, हे तुले कोणी सांगू शकत नाही, रिता नाही, मॅडम नाही. ऐकणारी मी एकटी होती. त्या एक मिनिट बावन्न सेकंदात तू काय बोलला ते मले पाठ आहे. लिहून देते, रिताले मोठ्यानं वाचाले सांग.

तू म्हणला, "बाई, बाबाले आज पाण्यात उतरू देऊ नको. काल त्याचा ताप उतरला नव्हता. मी खेमराजभाऊशी बोललो, तो आपल्या घरून उतरते. लोकं उसना म्हणतीन तं म्हणू दे. बाबा ऐकत नसन तं माझी शपथ घाल, पण घरी बसव." मी म्हणलं, हो. तू म्हणला, नक्की? मी म्हणलं, नक्की. खालून गाडीचा हॉर्न वाजला, तरी तू फोन ठेवला नाही. तू पुन्हा म्हणला, उतरू देऊ नको. अन् ठेवता ठेवता आणखी एकदा.

तू तीनदा सांगतलं, प्रितम. मले पहिल्याच वेळी समजलं होतं.

रंजू